मान्तेका विचारा: माळकरी आईला मेक्सिकन हॉटेलात नेण्याआधीची तयारी

येत्या बुधवारी आईला घेऊन पुन्हा त्याच हॉटेलात जायचंय, म्हणून हे आधी लिहून काढतेय. टेक्सासातल्या सॅन अँटोनिओत अशी घरगुती मेक्सिकन हॉटेलं गल्लोगल्ली आहेत. आम्ही जातो तिथे दहा-बारा टेबलं, तव्यापाशी आजी, गल्ल्यावर तिचा मुलगा आणि कोपऱ्यातल्या टेबलावर वह्या पसरून बसलेली नात. चार घास जास्तच वाढणारी माणसं. माझी आई कोरेगावची, गळ्यात तुळशीची माळ. मांस, मच्छी, अंडं यातलं काही तिच्या ताटात येत नाही, गेली चाळीस वर्षं आलेलं नाही.

मागच्या वेळी तिथल्या घोटलेल्या बीन्स तिला फार आवडल्या. पिंटो बीन्स दिसायलाही आमच्याकडच्या वाघ्या घेवड्याच्या जवळच्या, अंगावर तसेच पट्टे-ठिपके. घेवडा मूळचा तिकडचाच, त्यामुळे नातं खरंच आहे. तिने दुसऱ्यांदा वाढून घेतल्या आणि मला म्हणाली, "फोडणी कशाची गं? खमंग लागतंय." मी त्या नातीला विचारलं. ती आनंदाने म्हणाली, "आजी मान्तेका घालते, म्हणून अशी चव येते." मान्तेका म्हणजे डुकराची चरबी. मला तो शब्द माहीत होता. फक्त तो आधी विचारायचा राहिला होता. आईने चमचा ताटाच्या कडेला ठेवला, उठून चूळ भरून आली आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही घेतलं नाही. मला एक शब्दानं बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने निर्जळी उपास केला. त्या हॉटेलवाल्यांची काही चूक नाही, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. विचारायचं काम माझं होतं.

तेव्हा पहिलं काम: फोन करा. जाण्याच्या आदल्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास, जेवणाची गर्दी ओसरल्यावर करा. शनिवार-रविवार टाळाच. रविवारी चर्च सुटलं की कुटुंबंच्या कुटुंबं येतात, कुणाला बोलायला सवड नसते. शिवाय सुट्टीच्या सकाळी मेनुदो आणि बार्बाकोआ असतं, म्हणजे गाईच्या वजडीचं कालवण आणि डोक्याचं मांस. त्या वासात माळकरी माणसाला बसवू नका.

फोनवर "व्हेजिटेरियन मिळेल का?" असं विचारू नका. उत्तर "हो" येतं आणि ते मनापासूनच असतं, कारण त्यांच्या हिशेबात बीन्स आणि भात म्हणजे बिनमांसाचंच जेवण. "सीन कार्ने", म्हणजे मांसाशिवाय, एवढं म्हणूनही भागत नाही. कार्ने म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर गाय आणि डुक्कर येतं, कोंबडी त्यात धरलेली असेलच असं नाही. म्हणून जिन्नसाचं नाव घेऊन विचारा. "लोस फ्रिहोलेस येवान मान्तेका?" बीन्समध्ये चरबी आहे का? हे एक वाक्य पाठ करा. घोकून घोकून पाठ करा. उत्तर "थोडी" आलं तरी ते "आहे" असंच धरा. "मान्तेका वेहेताल" म्हणाले तर ते वनस्पती तूप, ते चालतं, पण मग डबा कोणता ते विचारून खात्री करा. आणि कान देऊन ऐका: मान्तेकिया म्हणजे लोणी, मान्तेका म्हणजे चरबी. फोनवर घाईत दोन्ही सारखेच ऐकू येतात. पुन्हा विचारायला लाजू नका. मी लाजले असते तर एक वेळ समजू शकले असते, मी तर विचारलंच नाही.

ही चरबी कुणी लपवून घालत नाही, हे घरच्या मंडळींनाही सांगून ठेवा, म्हणजे तिथे गेल्यावर कुणाच्या मनात अढी राहणार नाही. मेक्सिकोत डुकरं आली ती स्पॅनिश लोकांबरोबर, 1519 मध्ये त्यांचा सरदार कोर्तेस उतरला त्यानंतर. त्याआधी तिथलं जेवण मुख्यतः उकडलेलं, भाजलेलं, वाफवलेलं. तळणं-परतणं आलं ते चरबीबरोबर. आपल्याकडे शेंगदाण्याचं तेल तशी त्या आजीच्या घरात मान्तेका. तिला ती सांगण्यासारखी गोष्टच वाटत नाही. म्हणून विचारायला हवं.

आता ती कुठे कुठे असते. फ्रिहोलेस रेफ्रितोस, म्हणजे घोटून परतलेल्या बीन्स, हे तर झालंच. मैद्याच्या तोर्तियाच्या, म्हणजे तिकडच्या पोळीच्या, कणकेत मोहन म्हणून असते. तमालेसमध्ये, म्हणजे मक्याच्या पिठात सारण भरून वाफवतात त्यात, तर पीठच चरबीत फेसून हलकं करतात, त्यामुळे आत नुसतं चीज आणि मिरची असली, किंवा तो गोड तमाल असला, तरी वरचं पीठ चालत नाही. यादीत "चीज तमाल" वाचून मागवू नका. फ्रिहोलेस चारोस या रसदार बीन्समध्ये बेकनचे (खारवलेल्या डुकराच्या मांसाचे) तुकडे असतात, ते निदान डोळ्यांना दिसतात. त्यातल्या त्यात फ्रिहोलेस दे ला ओया मागा, म्हणजे मडक्यात नुसत्या शिजवलेल्या, पातळ. त्यातही कुणी चमचाभर टाकतं, तेव्हा तिथेही तेच विचारा.

मक्याच्या तोर्तियात मात्र अडचण नाही. चुन्याच्या पाण्यात मका उकळतात, रात्रभर भिजत ठेवतात, सालं चोळून धुतात आणि दळतात. विड्याच्या पानाला लावतो तोच चुना. त्याने दाणा मऊ होतो, पीठ चिकटून येतं आणि मक्यात अडकून बसलेलं एक जीवनसत्त्व अंगी लागायला मोकळं होतं. पुढे फक्त पाणी, कुणी चिमूटभर मीठ. मागच्या वेळी आईने हात धुतल्यावर ती आजी स्वतः बाहेर आली, तिला हाताला धरून तव्यापाशी घेऊन गेली आणि पिठाचा गोळा तिच्या तळहातावर ठेवला. आईने तो दोन बोटांनी दाबून पाहिला, ज्वारीचं पीठ मळल्यावर पाहते तसा, आणि हलकेच म्हणाली, "याला गरम पाणी लागत नाही वाटतं." दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. त्या दिवशी आई पुढे जेवली नाही, पण बुधवारी परत जायचं हे तीच म्हणाली आहे. म्हणूनच या वेळी चूक नको आहे.

दुसरा शब्द काल्दो, म्हणजे मांस किंवा कोंबडी उकळलेलं पाणी. लाल भाताचा रंग टोमॅटोचा असतो, पण तो शिजतो बहुतेक ठिकाणी कोंबडीच्या पाण्यात, नाहीतर त्या चवीच्या पुडीत. "एल आर्रोस येवा काल्दो दे पोयो?" हेही फोनवरच. मोले हा मिरच्या-मसाल्यांचा रस्सा, तोर्तियाचं सूप, एन्चिलादा म्हणजे सारण गुंडाळलेल्या तोर्तियांवरचा रस्सा, सगळीकडे हाच प्रश्न. टेक्सासात आणखी एक धोका आहे: चीज एन्चिलादा. नाव चीजचं, आत चीजच, आणि वरून गोमांसाचा चिली रस्सा ओतून देतात. आम्ही या शहरात आलो तेव्हा हे माहीत नव्हतं.

अंडं: चिले रेयेनो ही चीज भरलेली मिरची आपल्या भरल्या मिरचीसारखी वाटते, पण ती अंड्याच्या फेसात घोळवून तळतात. फ्लान आणि त्रेस लेचेस या दोन्ही गोडांत अंडं. भाजलेल्या कणसावर मेयोनीज, त्यातही अंडं. तांदळाची खीर, आर्रोस कोन लेचे, विचारून मागवा. बहुधा ती चालते.

चीजचं तुम्ही परस्पर ठरवू नका. दूध विरजायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरलेलं असू शकतं, हे माळकरी माणसाला घरीच सांगा आणि निर्णय त्याच्यावर सोडा. आईला मी या वेळी सांगितलं. ती म्हणाली, माहीत नसेल तिथे नको. झालं, चीज नाही.

भाज्यांचं फहिता ज्या तापलेल्या पत्र्यावर परततात त्यावरच आधी मांस परतलेलं असतं. वेगळी कढई मागा. गर्दीच्या वेळी मिळणार नाही, म्हणून तर बुधवार, संध्याकाळी साडेपाच. मक्याचे चिप्सही ज्या तेलात तळतात त्यात आणखी काय पडतं ते विचारा.

लेंटच्या शुक्रवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या सहा-सात आठवड्यांत, कॅथलिक लोक मांस खात नाहीत. तेव्हा बिनमांसाचे खास पदार्थ असतात, ते पाहून निर्धास्त होऊ नका. मासे आणि कोळंबी त्या दिवशी चालते, आणि चरबीला ते मांसात धरत नाहीत. मान्तेका तेव्हाही विचाराच.

एक चिठ्ठी लिहून घ्या. "मी मामा नो कोमे कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो, नी ह्वेवो, नी मान्तेका, नी काल्दो." मी म्हणजे माझी, मामा म्हणजे आई. माझी आई मांस, कोंबडी, मासा, अंडं, चरबी, मटणाकोंबडीचं पाणी खात नाही. शाळेत स्पॅनिश शिकणाऱ्या मुलांकडून रोमन लिपीत मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. दोन प्रती करा. एक ऑर्डर घेणाऱ्याच्या हातात, दुसरी चुलीपाशी. चुलीपाशीची जास्त महत्त्वाची, कारण टेबलावर "हो हो" म्हणणारा पोरगा आत जाऊन सांगेलच असं नाही. आईऐवजी ताई, काकू, सासरे जे असेल तसा "मामा" हा शब्द बदला, पण मान्तेका हा शब्द खोडू नका. त्याखाली रेघ मारा.

बरोबर रोख पैसे ठेवा, छोट्या ठिकाणी कार्ड चालेलच असं नाही. औषधं, शाल, नेहमीचं. पिशवीत दोन दशम्या असू द्या. सगळं विचारूनही मन मानलं नाही तर माणूस उपाशी राहायला नको.

तिथे गेल्यावर चिप्स आणि साल्सा न मागता येतील, सगळ्यांनी त्यावरच पोट भरू नका. हिरवा साल्सा कमी तिखट असतो असं धरू नका, थेंबभर चाखा. प्यायला हमायका घ्या, अंबाडीच्याच कुळातल्या लाल बोंडांचं आंबटगोड सरबत. नाहीतर चिंचेचं. तांदूळ-दालचिनीचं ओर्चाताही छान, पण गोड फार.

ऑर्डर देताना: मक्याच्या तोर्तिया, ग्वाकामोले म्हणजे अवाकाडोची चटणी, परतलेले नोपालेस (निवडुंगाची पानं) किंवा कालाबासितास (कोवळा भोपळा) वेगळ्या कढईत, मडक्यातल्या बीन्स विचारून. पुरे. ताट आलं की पहिला घास तुम्ही घ्या. टिप पंधरा-वीस टक्के, रोख दिलेली बरी.

निघताना उरलेलं बांधून घ्याल तेव्हा डबा उघडून बघा. ती आजी प्रेमाने त्यात दोन पळ्या घोटलेल्या बीन्स भरून देते. तो डबा वेगळा ठेवा, त्यावर नाव लिहा, आईच्या फ्रिजच्या कप्प्यात ठेवू नका. मान्तेका.