नेपोलियनकालीन युद्धखेळांतील कमांडचे नियम: या चुका टाळा

पटावर सोंगट्या आणि फाशांनी खेळायच्या युद्धखेळांत, सेनापतीचा आदेश कोणत्या तुकडीपर्यंत आणि कधी पोहोचतो हे कमांडचे नियम ठरवतात. नवा खेळाडू "कमांडचे नियम तूर्त बाजूला ठेवू, आधी हालचाल आणि लढाई शिकू" असे म्हणतो, तेव्हा मी त्याला ठाम नकार देतो. मोठ्या सेनेपर्यंत आदेश वेळेवर पोहोचवणे हीच त्या काळच्या सेनापतींची खरी अडचण होती; ती वगळून खेळलेल्या दहा डावांत लागलेली सवय पुढे मोडता मोडत नाही.

सर्वांत अधिक दिसणारी चूक म्हणजे नेपोलियनची सोंगटी आघाडीवर नेणे. अनेक खेळांत सरसेनापती जवळ असलेल्या हल्ल्याला फाशावर लाभ मिळतो आणि त्या लाभाचा मोह आवरत नाही. १६ जून १८१५ च्या लिन्यीच्या लढाईचा डाव खेळताना मी फ्रेंच बाजू घेतली होती. सेनापती जेरारच्या कोअरला (अनेक डिव्हिजनांच्या मोठ्या सैन्यदलाला) गाव जिंकता येईना, म्हणून मी नेपोलियनला चार षट्कोन (पटावरची घरे) पुढे नेले. गाव पडले. मात्र पुढच्या कमांड टप्प्यात मोजून पाहिले, तर शार्लरुआकडून येणारे लोबोचे कोअर एका षट्कोनाने कक्षेबाहेर, म्हणजे नेपोलियनचा आदेश पोहोचण्याच्या अंतराबाहेर, राहिले होते. त्याच्या पुढाकाराच्या अंकावर (आदेशाविना स्वतःहून हलण्याच्या क्षमतेवर) फासा टाकावा लागला, तो लागोपाठ तीन वेळा फसला आणि तेवढ्या अवधीत प्रशियन सेना अंधार पडेपर्यंत टिकून निसटली. प्रत्यक्षात नेपोलियनने त्या दिवशी फ्लेरुसच्या पवनचक्कीवरून रणांगण न्याहाळले होते, हे मला त्यानंतर नीट उमगले. तेव्हापासून मी सरसेनापती सर्वांत शेवटी हलवतो, आणि हलवण्यापूर्वी सर्वांत मागच्या कोअरपासून षट्कोन मोजतो.

कक्षा टप्प्याच्या आरंभी मोजायची की हालचालीनंतर, हे प्रत्येक खेळाच्या नियमपुस्तिकेत वाचूनच ठरवा. शत्रूच्या प्रभावक्षेत्रातून (त्याच्या सोंगट्यांलगतच्या घरांतून) कक्षा मोजता येते का, तेही तिथेच पाहा. शेजारच्या कोअरचा सेनापती जवळ उभा आहे म्हणून आपली डिव्हिजन कमांडमध्ये आली, असे बहुतेक खेळांत होत नाही.

दुसरी मोठी चूक म्हणजे दर चालीला आदेश बदलणे. त्याच १६ जूनला फ्रेंच सेनापती देर्लोंचे सुमारे २०,००० सैनिकांचे कोअर, कात्र ब्रा येथे त्याच दिवशी चाललेल्या दुसऱ्या लढाईच्या रस्त्यावरून लिन्यीकडे वळवले गेले, त्याला पाहून लिन्यीला लढणाऱ्या फ्रेंच सेनापती वांदामच्या सैनिकांना तो शत्रूच वाटला, मग कात्र ब्राला लढणाऱ्या मार्शल ने याने त्याला परत बोलावले आणि दिवस संपला तरी ते कोअर दोन्हींपैकी एकाही लढाईत खऱ्या अर्थाने उतरले नाही. अधीर खेळाडू पटावर हेच करतात आणि दोष फाशाला देतात. मी प्रत्येक कोअरचा आदेश कागदावर लिहितो आणि किमान दोन चाली तो खोडत नाही, मग समोर कितीही चांगली संधी दिसो.

निरोप पोहोचण्यातील विलंबाचा नियम कंटाळवाणा म्हणून गाळू नका. वॉटर्लूच्या दिवशी दुपारी १ च्या सुमारास लिहिलेला आदेश प्रशियन सेनेच्या पाठलागावर वाव्र गावाकडे गेलेल्या फ्रेंच मार्शल ग्रूशीच्या हाती संध्याकाळच्या सुमारास पडला, तेव्हा तो पाळण्याची वेळ निघून गेली होती. त्या डावात ग्रूशीचे आदेश मी वेगळ्या चिठ्ठीवर लिहितो, चिठ्ठीच्या कोपऱ्यात ते कोणत्या चालीला पोहोचतील तो आकडा मांडतो आणि ती प्रतिस्पर्ध्याकडे उलटी ठेवायला देतो.