ब्लॅकजॅक शिकताय? आधी तीन पत्तीची सवय सोडा, आणि या चुका टाळा

नागपुरात प्रतापनगरच्या आमच्या गच्चीवर मे महिन्यात रात्री दहाच्या पुढेच बसता येतं. दिवसभर पंचेचाळीस अंशांत तापलेल्या फरशीवर दोनदा पाणी मारायचं, कूलर वायर लांबवून दाराशी आणायचा, चटई टाकायची आणि पत्ते काढायचे. रमी, तीन पत्ती, कधी मेंढीकोट. पैशांच्या जागी चिंचोके. दोन वर्षांपूर्वी आमच्यातला एक जण गोव्याला मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर ब्लॅकजॅक खेळून आला. किती हरला ते त्याने घरी सांगितलं नाही, म्हणून मीही सांगत नाही. गच्चीवर मात्र त्याची एकच तक्रार होती, "काय करू बे, त्या डीलरचा चेहराच वाचता नाही आला मले."

चेहऱ्यावर वाचण्यासारखं काही नव्हतंच. आपल्याकडे ब्लॅकजॅक शिकणाऱ्यांच्या बहुतेक चुका तीन पत्ती आणि रमीतून आलेल्या असतात. तिथे समोरचा माणूस खेळत असतो. त्याची ब्लाइंड, त्याची चाल, त्याने टाकलेला पत्ता, सगळ्याला अर्थ असतो. ब्लॅकजॅकमध्ये डीलरला, म्हणजे कॅसिनोतर्फे पत्ते वाटून खेळणाऱ्याला, निर्णयच नाही. 16 किंवा कमी गुण झाले की त्याने पत्ता घ्यायचा, 17 झाले की थांबायचं. बाजूला बसलेले बाकीचे खेळाडूही तुमच्या विरुद्ध नसतात. प्रत्येकाचा हिशोब थेट डीलरशी. ब्लफ मारायचा तरी कोणाला?

मोजणीत होणारी गफलत

दुर्रीपासून दस्सीपर्यंत जेवढे ठिपके तेवढे गुण. गुलाम, राणी, राजा तिघेही 10. एक्का 1 किंवा 11, हाताला जे सोयीचं पडेल ते. म्हणजे तेरा प्रकारच्या पत्त्यांपैकी चार प्रकार दहाचे, त्यामुळे पुढचा पत्ता दहाचा निघण्याची शक्यता जवळपास 31 टक्के. हा एक आकडा डोक्यात ठेवा, पुढे सारखा लागेल.

"21 करायचे असतात" असं जो तो सांगतो. खरं तर 21 च्या वर न जाता डीलरला हरवायचं असतं. तो फुटला, म्हणजे 21 च्या वर गेला, तर तुमचे 13 सुद्धा जिंकतात.

आणखी एक तक्रार हमखास येते: माझे 21 झाले तरी दीडपट का नाही मिळाले? कारण दीडपट फक्त पहिल्या दोन पत्त्यांत एक्का आणि दहाचा पत्ता आला, म्हणजे ब्लॅकजॅक झाला, तरच मिळतात. 7-7-7 चे 21 साधे. एक्क्यांची जोडी फोडून दोन वेगळे हात केल्यावर एखाद्या एक्क्यावर राजा आला तर तेही साधे 21, ब्लॅकजॅक नाही. यावरून आमच्याकडे एकदा चटई उलटायची वेळ आली होती.

डीलरची नक्कल

हुशार माणूस पहिल्या तासात ही चूक करतो. कॅसिनो तर कमावतोच, मग त्याच्याच नियमाने खेळू: 16 पर्यंत घ्यायचा, 17 ला थांबायचं. दोघांचा नियम सारखा, म्हणजे सामना बरोबरीचा. ऐकायला पटतं. पण तुम्ही आधी खेळता आणि डीलर नंतर. या नियमाने खेळणारा शंभरात सुमारे 28 वेळा फुटतो. तुम्ही फुटलात की तुमचे पैसे तिथेच उचलले जातात. नंतर डीलरही फुटला तरी ते परत येत नाहीत. दोघंही फुटण्याची वेळ साधारण 28 टक्क्यांतल्या 28 टक्के डावांत, म्हणजे सुमारे 8 टक्के डावांत येते, आणि कॅसिनोची कमाई तिथे होते. ब्लॅकजॅकच्या दीडपटीने त्यातलं थोडं भरून निघतं. तरी शंभर रुपयांमागे सरासरी साडेपाच रुपये जातातच.

याच्या उलटं टोक म्हणजे कधीच फुटायचं नाही, 12 झाले की थांबायचं. त्यातही शंभरामागे चारेक रुपये जातात. कोणत्या हाताला मागायचं आणि कुठे थांबायचं याचा नेमका तक्ता पाठ करून खेळलं आणि टेबलाचे नियम बरे असले, तर हेच नुकसान अर्ध्या रुपयावर येतं. हा तक्ता कोण्या मुरलेल्या जुगाऱ्याने बांधलेला नाही. रॉजर बाल्डविन, विल्बर्ट कँटी, हर्बर्ट मेझेल आणि जेम्स मॅकडर्मट या अमेरिकी लष्करातल्या चौघांनी साध्या आकडेमोडीच्या यंत्रांवर हिशोब करून तो काढला आणि 1956 साली प्रसिद्ध केला. पुढे संगणक आले तरी त्यात फार थोडा बदल करावा लागला.

बारा ते सोळा: सगळे पैसे इथेच जातात

हातात 16, डीलरच्या दोन पत्त्यांपैकी उघडा पत्ता 7. गच्चीवर दहातले नऊ जण इथे थांबतात. "एक पत्ता घेतला का फुटलोच समज." शक्यता तशीच आहे. 6 किंवा मोठा कोणताही पत्ता आला की गेलात, म्हणजे 62 टक्के. पण थांबून काय मिळतं तेही बघा. 17 पेक्षा कमी गुणांवर थांबलात, की जिंकायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे डीलर फुटणे. 7 उघडा असताना तो शंभरात 26 वेळाच फुटतो. म्हणजे 26 जिंकणार, 74 हरणार. शंभर चिंचोके लावले तर थांबून सरासरी 48 जातात आणि पत्ता मागून सुमारे 41. दोन्हीकडे तोटाच आहे, पण सात चिंचोक्यांचा फरक आहे. ब्लॅकजॅकची बरीचशी अक्कल अशा कमी तोट्याचा रस्ता धरण्यात खर्च होते, आणि तीन पत्तीवाल्याला नेमकं हेच रुचत नाही. त्याला प्रत्येक डाव जिंकायचा असतो.

पाठ करायला नियम सोपा आहे. तुमचे 12 ते 16 असताना डीलरचा 7, 8, 9, दहाचा पत्ता किंवा एक्का असेल तर मागा. 2 ते 6 असेल तर थांबा, कारण 5 किंवा 6 उघडा असताना डीलर शंभरात 42 वेळा फुटतो. अपवाद एकच, तुमचे 12 आणि त्याचा 2 किंवा 3. तिथे मागा. 12 वर फक्त दहाचा पत्ता तुम्हाला फोडू शकतो, आणि त्याची शक्यता वर आलीच आहे, 31 टक्के.

16 समोर 10 आला तर? थांबा किंवा मागा, दोन्हीकडे शंभरातले जवळपास 54 जातात, केसाएवढा फरक. टेबलावर सरेंडरची सोय असेल तर अर्धे पैसे सोडून उठा. चार चिंचोके वाचतात.

एक्क्याला घाबरू नका

एक्का आणि 6, म्हणजे 17. "सतरा झाले, बस." इथे थांबणं म्हणजे हातचं सोडून देणं. एक्का 11 चा 1 होऊ शकतो, त्यामुळे एका पत्त्याने हा हात फुटूच शकत नाही. थांबलात तर 17 वर जिंकणार तेव्हाच, जेव्हा डीलर फुटेल. फुकटचा पत्ता घ्या, आणि डीलरचा 3 ते 6 असेल तर रक्कम दुप्पट करून घ्या. एक्का आणि 7 चे 18 सुद्धा 9, दहाचा पत्ता किंवा एक्का समोर असेल तर अपुरे पडतात. तिथेही मागा. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मलाही पटलं नव्हतं.

जोड्यांचं पटकन सांगतो. एक्क्यांची आणि आठांची जोडी नेहमी फोडायची. 8-8 म्हणजे 16, सगळ्यात रडका हात. डीलरच्या 10 समोर फोडूनही सरासरी तोटाच होतो, पण 54 ऐवजी 48. दहाची जोडी कधी फोडू नका. डीलरच्या 6 समोर 20 वर नुसतं बसून राहिलात तरी शंभरावर सरासरी सत्तर मिळतात, त्यात हात घालायची खाज कशाला? पाचांची जोडी ही जोडी नाहीच, ते 10 आहेत. डीलरचा 9 पर्यंतचा पत्ता असेल तर दुप्पट करा. 11 वर डीलरच्या दहापर्यंत दुप्पट. इथे हात आखडणारे खूप. ज्या थोड्या डावांत पारडं तुमच्याकडे झुकलेलं असतं, तिथेच कमी लावलंत तर बाकीचं नुकसान भरून कसं निघणार?

"विमा काढून ठेव ना भाऊ"

डीलरचा एक्का उघडा पडला की तो इन्शुरन्स विचारतो. अर्धी रक्कम वेगळी लावा, त्याचा ब्लॅकजॅक निघाला तर दुप्पट मिळेल. नाव विम्याचं असलं तरी ही एक वेगळी पैज आहे, झाकलेला पत्ता दहाचा आहे यावर. बरोबरी व्हायला तो तीनातून एकदा, म्हणजे 33.3 टक्के वेळा निघायला हवा. सहा कॅटांच्या खेळात एक्का बाजूला केला की 311 पत्ते उरतात आणि त्यात दहाचे 96. म्हणजे 30.9 टक्के. शंभराच्या विम्यावर साडेसात रुपयांच्या आसपास तोटा. आणि लोक हा विमा कधी घेतात? हातात 20 असताना, म्हणजे दहाचे दोन पत्ते स्वतःच अडवून बसलेले असताना!

तुमचा स्वतःचा ब्लॅकजॅक असताना "इव्हन मनी घ्या, शंभरावर शंभर नक्की" असं सांगतात, तोही वेश बदलून आलेला हाच विमा. नाही म्हटलंत तर सरासरी 104 च्या आसपास मिळतात.

टेबलावरचं बारीक अक्षर

बसण्याआधी टेबलाच्या कापडावर वाचा. ब्लॅकजॅकला 3 ला 2 की 6 ला 5? ऐकताना 6 ला 5 मोठं वाटतं. प्रत्यक्षात शंभरावर 150 ऐवजी 120. ब्लॅकजॅक साधारण 21 डावांतून एकदा येतो, त्यामुळे हे तीस रुपये डावामागे जवळपास 1 रुपया 40 पैसे पडतात. अर्ध्या रुपयाचा तोटा दोन रुपयांच्या जवळ जातो. तक्ता पाठ करून कमावलेलं बरंचसं इथेच सांडतं. डीलर एक्का धरून झालेल्या 17 वरही पत्ता घेतो असं लिहिलं असेल तर आणखी वीस पैसे.

हरलो की दुप्पट

इतवारीतल्या व्यापाऱ्यापासून कॉलेजातल्या पोट्ट्यांपर्यंत सगळ्यांनी हा शोध स्वतः लावलेला असतो. 500 हरलो तर 1000, मग 2000, कधीतरी जिंकूच. सलग सात डाव हरलात की 63,500 गेलेले असतात, आणि आठव्याला 64,000 लावायचे, कशासाठी तर 500 च्या नफ्यासाठी. तोवर टेबलाची कमाल मर्यादा आडवी येते. बरोबरीचे डाव सोडले तर शंभरात 53-54 डाव तुम्ही हरताच. तक्त्याने तोटा अर्ध्या टक्क्यावर येतो तो ब्लॅकजॅकच्या दीडपटीमुळे आणि योग्य जागी दुप्पट केल्यामुळे. सलग सात हार साधारण ऐंशी वेळांत एकदा येते. तासाला सत्तर डाव धरून तीन तास बसलात, तर ती न भेटण्यापेक्षा भेटण्याचीच शक्यता जास्त.

"सगळं बरोबर खेळलो, तरी हरलो"

याचं उत्तर ऐकायला लोकांना आवडत नाही. 500 ची रक्कम, तासाला सत्तर डाव, म्हणजे 35,000 ची उलाढाल. तक्त्याने खेळलात तर सरासरी 175 जाणार, डीलरची नक्कल केलीत तर 1,900 च्या वर. पण एका तासात नशीब चार-पाच हजार इकडचे तिकडे सहज करतं. त्यामुळे चुकीचं खेळणारा जिंकून उठतो आणि बरोबर खेळणारा हरून, आणि दोघंही चुकीचा धडा घेऊन घरी जातात. आज कसं खेळलो हे खिशावरून ठरवू नका. किती वेळा तक्ता सोडला ते मोजा. शेवटच्या खुर्चीवरच्या माणसाने "डीलरचा फुटायचा पत्ता खाल्ला" म्हणून त्याच्यावर डाफरणंही बंद करा. तो जितक्या वेळा बिघडवतो तितक्याच वेळा वाचवतो. वाचवलेलं लक्षात राहत नाही.

पत्ते मोजायचं, म्हणजे निघालेले पत्ते लक्षात ठेवून पुढचा अंदाज बांधायचं, खूळ नंतरचं. अमेरिकी गणितज्ञ एडवर्ड थॉर्प यांनी एमआयटीतल्या आयबीएम 704 संगणकावर त्याचं गणित मांडलं, आणि ते खरं आहे. पण मोबाइलवरच्या खेळात प्रत्येक डावाला पत्ते नव्याने पिसले जात असतील तर मोजायला उरतं काय? तसंही पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये केला आहे, तेव्हा "पहिले हजार फुकट" म्हणणाऱ्या लिंका उघडूच नका. महाराष्ट्रात जुगारबंदीचा 1887 चा कायदा आहे. कॅसिनोंसाठी 1976 मध्ये कायदा झाला होता, तो कधी अमलात आला नाही आणि 2023 मध्ये रद्दच झाला. म्हणजे नागपुरात सराव करायचा तो चिंचोक्यांवर.

सराव असा करा. कॅटमधून एक्का काढून समोर ठेवा, त्यावर एकेक पत्ता टाका, बाजूला डीलरचा एक पत्ता उघडा आणि काय करायचं ते मोठ्याने बोला. पुढचा डाव खेळायचाच नाही, फक्त निर्णय. रोज वीस मिनिटं. एक्क्याचे हात झाले की तिथे 10 ठेवून वर 2 ते 6 टाका, म्हणजे 12 ते 16 चा सराव होतो. तीन सेकंदांत उत्तर आलं नाही तर ते चुकलं असं धरा.

परवा आमच्या गोवेकराला पुन्हा 16 आले, समोर 7. माझ्याकडे बघत त्याने पत्ता मागितला. नव्वा. पंचवीस.

"तूच तर मांगायले सांगतलं बे!"

"हो ना. पुढच्या वेळी आले तर पुन्हा माग."