सीट कापल्यावर व्हॉल्व्हची गॅप कशी बसवावी: शिम आणि बकेटवालं हेड

सीट (व्हॉल्व्ह हेडमध्ये जिच्यावर टेकतो ती कडा) कापून, व्हॉल्व्ह लॅप करून (पेस्ट लावून सीटवर घासून) झाले की एक सल्ला हमखास मिळतो: "जुन्या शिम्स ज्या घरातल्या त्या घरात टाका, चालतं." चालत नाही. शिम म्हणजे व्हॉल्व्हच्या दांडीच्या टोकावरची ठरावीक जाडीची चकती, आणि बकेट म्हणजे तिच्यावरची टोपी, जिला कॅम दाबतो. सीट कापली की व्हॉल्व्ह हेडमध्ये तेवढा खोल बसतो आणि त्याची दांडी तेवढीच कॅमच्या दिशेने वर येते. गॅप, म्हणजे कॅम आणि बकेट यांच्यातली मोकळी जागा, कमी होते, कधी पूर्ण संपते. गॅप संपली की व्हॉल्व्ह सीटवर पुरता टेकत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बहुतेक उष्णता सीटवाटेच हेडमध्ये उतरते; तो टेकलाच नाही तर जळतो आणि नवी सीटही घेऊन जातो. सैल गॅप निदान टकटक आवाज तरी करते. घट्ट गॅपचं इंजिन उलट शांत वाटतं, म्हणून लोक फसतात.

स्क्रू आणि लॉकनटवाल्या रॉकरचं हेड असेल, तर काम सोपं आहे. एकच लक्षात ठेवा: लॉकनट आवळताना गॅप हलते, म्हणून मोजमाप नट आवळल्यानंतरचंच धरायचं. पुढचं सगळं बकेटखाली शिम असलेल्या दोन कॅमच्या हेडबद्दल आहे.

गॅप टेबलावरच काढा. हेड इंजिनावर चढवून, चेन घालून मोजायचं, चूक निघाली की पुन्हा कॅम उतरवायचा, पुन्हा टायमिंग जुळवायचं, हा उद्योग कशाला? टेबलावर चेन नाही, पिस्टन नाही. हेड दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवा, म्हणजे उघडलेला व्हॉल्व्ह टेबलावर आपटून वाकणार नाही. आणि एका वेळी एकच कॅम बसवा. दोन्ही कॅम बसवून एकेक सुटा फिरवला, तर इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळू शकतात. चेनने बांधलेले असताना ते एकमेकांना चुकवतात, सुटे असताना नाही.

स्प्रिंग, तिच्यावरची रिटेनर (चकती) आणि ती दांडीला पकडणारे कॉलेट बसवून झाले की दांडीच्या टोकावर प्लास्टिकच्या हातोडीने दोन हलके ठोके द्या, म्हणजे कॉलेट नीट बसतात आणि व्हॉल्व्ह सीटवर येतो. आता प्रत्येक घरात माहीत जाडीची एक पातळ शिम टाका. शिमवरच्या आकड्यावर विसंबू नका, तो झिजलेला असतो, मायक्रोमीटरने मोजा. शिम न घालता मोजण्याची युक्ती कुणी सांगितली तर तिकडे दुर्लक्ष करा. शिम नसेल किंवा फारच पातळ असेल, तर बकेट दांडीऐवजी रिटेनरवर टेकते आणि मिळालेला आकडा खोटा असतो. शिमची वरची बाजू रिटेनरच्या कडेपेक्षा वर दिसलीच पाहिजे.

कॅमच्या कॅप्स मॅन्युअलमधल्या क्रमाने, थोड्या थोड्या करून, टॉर्क रेंचनेच आवळा. एका टोकाने आवळत गेलात तर कॅप तडकते, आणि कॅप्स हेडसोबतच मशीन केलेल्या असल्यामुळे सुटी कॅप आणून भागत नाही.

आता मोजमाप. बहुतेक जण अडतात ते इथेच.

नुकत्या बसवलेल्या शिमचं पहिलं मोजमाप टाकाऊ समजा. शिमच्या खाली-वर तेलाचा थर असतो आणि तो गॅप खातो. कॅम आधी चार-पाच फेरे फिरवा, थर दाबून निघून जातो. मग कॅमचं नाक (उंचवटा) बकेटच्या बरोबर उलट दिशेला आणा आणि कॅम व बकेटच्या मध्ये फीलर गेज (ठरावीक जाडीची पट्टी) घाला.

"पट्टी किंचित अडकत सरकली पाहिजे" असं सगळे सांगतात. पण किंचित म्हणजे किती? प्रत्येकाच्या हाताचं किंचित वेगळं असतं, आणि त्याच व्हॉल्व्हचा आकडा दोघांना वेगळा मिळतो. मी त्या अंदाजावर कधीच जात नाही. लागोपाठच्या दोन पट्ट्या घ्या: एक जाते आणि पुढची जात नाही, हेच मोजमाप. ०.५२ मिलिमीटरची गेली आणि ०.५३ ची अडली, तर गॅप ०.५२. पट्टी सरळ जाऊ द्या. तिरकी घुसवलेली पट्टी गॅप कमी दाखवते. हेड आणि पट्टी दोन्ही गार असावीत. बऱ्याच मॅन्युअलमध्ये ३५ अंश सेल्सियसची मर्यादा दिलेली असते.

हिशोब करताना शिम आणि गॅप यांची बेरीज लिहा, नुसती गॅप नको. समजा १.६० ची शिम घातली आणि गॅप ०.५२ मिळाली. बेरीज २.१२. सीटला पुन्हा हात लावला नाही, तर हा त्या व्हॉल्व्हचा पक्का आकडा. मॅन्युअल म्हणतं एक्झॉस्टला ०.२० ते ०.२५. म्हणजे शिम १.८७ ते १.९२ च्या मधली हवी. शिम्स ०.०५ च्या टप्प्याने मिळत असतील तर १.९० घ्या, गॅप ०.२२ राहील. ०.०२५ च्या टप्प्याने मिळत असतील तर १.८७५ घ्या, गॅप ०.२४५ राहील. नव्या सीटवर मी नेहमी सैल बाजूच धरतो, कारण सीट बसत जाते तशी गॅप घटत जाते. मधला आकडा धरण्यात इथे काही शहाणपण नाही. सैल म्हणजे मर्यादेच्या आतलं सैल. बाहेर गेलात तर लिफ्ट (व्हॉल्व्ह उघडण्याचं अंतर) कमी होते आणि कॅम बकेटवर आपटत राहतो.

शिम पॉलिश पेपरवर घासून पातळ करू नका. तिचा पृष्ठभाग कडक केलेला असतो, तो गेला की ती लवकर झिजते. शिवाय हाताने घासलेली शिम सपाट राहत नाही. दांडीचं टोक ग्राइंड करणंही कंपनीने परवानगी आणि मर्यादा दिली असेल तरच. मिळणारी सर्वांत पातळ शिमही जाड पडत असेल, तर व्हॉल्व्ह फार खोल गेला आहे. नवा व्हॉल्व्ह घालून पाहा. त्यानेही भागलं नाही तर सीटची रिंग बदला.

निवडलेल्या शिम्स घाला, कॅम फेरे फिरवून पुन्हा मोजा, मग दुसऱ्या कॅमचं तेच करा.

हेड चढवा, बोल्ट टॉर्क करा, टायमिंग जुळवा, टेन्शनर बसवा. क्रँक हाताने, सावकाश, चालण्याच्याच दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडलं तर जोर लावू नका, टायमिंग तपासा. हेड टॉर्क केल्यावर एखादी गॅप शतांशाने हलू शकते, म्हणून शेवटचं मोजमाप इथे पुन्हा घ्या आणि प्रत्येक व्हॉल्व्हची शिम आणि गॅप वहीत लिहून ठेवा.

मॅन्युअलमध्ये पुढची तपासणी कितीही लांबची असली, तरी सीट कापलेल्या हेडची गॅप मी पहिल्या १००० किलोमीटरच्या आत पुन्हा बघतो. एक्झॉस्ट आधी बघा. वहीतल्या आकड्यापेक्षा गॅप शतांश-दोन शतांश कमी निघाली, तर सीट बसली असं समजा. त्याहून जास्त घटली असेल, तर शिम बदलण्याआधी त्या सिलिंडरची लीकडाउन टेस्ट (दाबाची हवा भरून गळती मोजणं) करा.