रंगमंचावरचा धूर: स्मोक मशीनची चाचणी, लिक्विड आणि सफाई

भाड्याचं असो वा विकतचं, स्मोक मशीन प्रयोगाच्या दिवशी पहिल्यांदा चालू करू नये. धूर किती वेळात येतो, किती लांब जातो, मध्ये किती थांबावं लागतं, हे प्रत्येक मशीनचं वेगळं असतं. एकांकिकेत धुराचा एक क्यू, म्हणजे ठरलेल्या क्षणाचा इशारा, चुकला की त्यावर बांधलेले प्रकाशाचे क्यूही कोसळतात. म्हणून रंगीत तालमीआधी एक संध्याकाळ फक्त मशीनसाठी काढा. सोसायटीचं क्लबहाऊस चालेल, पण तिथे स्मोक डिटेक्टर आहे का हे आधी सेक्रेटरींना विचारून घ्या.

आतली रचना साधी असते. एक प्लास्टिकची टाकी, तळापर्यंत जाणारी नळी आणि तिच्या टोकाला बारीक गाळणी, एक छोटा पंप, आणि ॲल्युमिनियमचा हीटर ब्लॉक. त्या ब्लॉकमधून अगदी अरुंद नळी वेटोळं घेत जाते. पंप लिक्विड त्या तापलेल्या नळीत ढकलतो, तिथे त्याची वाफ होते, वाफ फुगते आणि नोझलमधून जोरात बाहेर पडते. बाहेरच्या थंड हवेत तिचे बारीक थेंब होतात. डोळ्यांना दिसतो तो हा थेंबांचा ढग, धूर नव्हे. मशीनच्या बहुतेक तक्रारी इथूनच निघतात: ब्लॉक पुरेसा तापलेला नाही, नळी चोंदली आहे, किंवा चुकीचं लिक्विड भरलं आहे.

लिक्विडबद्दल कडक राहा. पाणी, प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन हे त्यातले मुख्य घटक. ग्लायकॉलचा ढग लवकर विरतो, ग्लिसरीनचा जास्त वेळ तरंगतो. ग्लायकॉल १८८ अंश सेल्सियसला उकळतं, ग्लिसरीन २९० च्या आसपास, त्यामुळे एका मशीनला मानवणारं मिश्रण दुसऱ्यात जळू शकतं. मशीन बनवणाऱ्याने सुचवलेलं लिक्विडच घ्या. घरी मोजमाप करून बनवण्यात वाचतात ते पैसे हीटर ब्लॉक बदलताना परत जातात. सुटं औद्योगिक ग्लायकॉल तर नकोच. २०२२ मध्ये गांबियात लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधांत डायइथिलीन ग्लायकॉल आणि इथिलीन ग्लायकॉल सापडलं आणि जागतिक आरोग्य संघटनेला इशारा द्यावा लागला. ही दोन्ही विषारी द्रव्यं हलक्या दर्जाच्या ग्लायकॉलमध्ये आणि ग्लिसरीनमध्ये मिसळलेली असू शकतात, आणि तुमचे नट तो ढग जवळून श्वासात घेणार आहेत.

याच दोन द्रवांवर ई-सिगारेटही चालते, म्हणून कुणीतरी त्याचं उरलेलं लिक्विड ओतायला सुचवतं. ते करू नका. त्यात निकोटिन असू शकतं आणि स्वादाची द्रव्यं तापल्यावर नळीत काळा थर धरतात. शिवाय ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात यांवर भारतात २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. अत्तर, सेंट, खायचा रंग, कुठलंही तेल हेही टाकीत नको. रंग टाकून धूर रंगत नाही, तो रंगतो दिव्यासमोर लावलेल्या जिलेटिनच्या रंगीत कागदाने. तेलाने मात्र मशीन कायमचं जातं आणि आगीचा धोका वेगळाच.

आता वीज. १५०० वॉटचं मशीन २३० व्होल्टवर साधारण साडेसहा अँपिअर ओढतं. त्याला १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला सॉकेट द्या. घरगुती पातळ एक्स्टेन्शन वापरलं तर वायर तापते आणि मशीनही पुरतं तापत नाही. नाट्यगृहात लाइटवाल्याला स्पष्ट सांगा की मशीन डिमरवर, म्हणजे दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर, लावायचं नाही, थेट लाइनवर लावायचं. डिमरवरून गेलेल्या विजेने पंप आणि ब्लॉकचं तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट दोन्ही जळतात.

चाचणी सुरू करण्याआधी मशीन सपाट जागेवर ठेवा. टाकी अर्धी भरा आणि नळीचं टोक लिक्विडमध्ये बुडालं आहे ना ते पाहा. नोझलसमोर दीड मीटरपर्यंत माणूस, पडदा, थर्माकोलचं नेपथ्य काहीही नको. स्विच लावल्यावर तयार असल्याचा दिवा लागेपर्यंत थांबा. लहान मशीनला तीन-चार मिनिटं लागतात, मोठ्याला आठ-दहाही लागू शकतात. ही वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजून कागदावर लिहा. मग एकेका सेकंदाचे छोटे झटके द्या. सुरुवातीला नळीतली हवा निघते, थोडं थुंकल्यासारखं होतं, त्याची काळजी नको.

त्यानंतर नोझलपासून मीटरभर अंतरावर, बाजूने काठीला लावलेला टिश्यू पेपर धरा. कागद कोरडा राहिला किंवा नुसता दमट झाला, तर सगळं ठीक. त्यावर ओले ठिपके पडत असतील तर लिक्विड वाफ न होताच बाहेर येतंय, म्हणजे ब्लॉक कमी तापतोय. पाच मिनिटं थांबून पुन्हा पाहा. तरीही ठिपके पडले तर थर्मोस्टॅट तपासायला मेकॅनिककडे न्या. हात लावून बघू नका, नोझल चांगलंच भाजतं.

आता सलग बटण दाबून ठेवा आणि धूर आपोआप कधी थांबतो ते मोजा. लिक्विड ब्लॉकची उष्णता खातं, तापमान उतरलं की थर्मोस्टॅट पंप बंद करतो आणि पुन्हा तापेपर्यंत काहीच होत नाही. ही दोन्ही अंतरं, चालण्याचं आणि थांबण्याचं, संहितेच्या कडेला लिहून ठेवा. दिग्दर्शकाला चाळीस सेकंद धूर हवा आणि मशीन पंचवीसच देत असेल, तर ते तालमीतच कळायला हवं. अशा वेळी दुसरं मशीन आणण्याऐवजी ब्लॅकआउटमध्ये आधीच थोडा धूर सोडून ठेवणं जास्त देखणं दिसतं. मागून किंवा बाजूने दिवा आला की तोच विरळ धूर भरून दिसतो. समोरच्या दिव्यात तो फिकट, पांढुरका होतो.

धुराची खरी लढाई हवेशी असते. ठाण्याचं गडकरी रंगायतन असो, घाणेकर नाट्यगृह असो किंवा वाशीचं विष्णुदास भावे, एसी चालू असताना ढग एसीच्या ओढीने जातो, तुमच्या इच्छेने नाही. त्यामुळे तंत्रतालमीत एसी चालू ठेवूनच चाचणी घ्या, प्रयोगालाही तो चालूच असणार. मशीन विंगेत, मागच्या बाजूला ठेवा. छोटा टेबल फॅन मशीनच्या मागे, थोडा तिरका लावा आणि सर्वांत हळू वेगावर चालवा. फॅन थेट नोझलसमोर धरला तर ढग फाटतो. धूर गरम असतो म्हणून वर चढतो. जमिनीलगत पसरवायचा असेल तर बर्फ भरलेल्या पेटीतून पाइपने फिरवून गार करावा लागतो, तरच तो पायांशी राहतो. ड्राय आइसने हा परिणाम सुंदर मिळतो, पण तो गोठवलेला कार्बन डायऑक्साइड आहे, उणे ७८ अंशाचा. ऑर्केस्ट्रा पिटसारख्या खोलगट जागेत तो साचून जीव गुदमरू शकतो. नवख्या गटाने त्याच्या वाटेला जाऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांना धुराची कल्पना आधी द्या. अग्निशमन अलार्मचं काय करायचं ते तेच ठरवतील, डिटेक्टरवर स्वतः पिशवी बांधू नका. गटात कुणाला दमा आहे का हे मोकळेपणाने विचारा, आणि असेल तर त्याची एंट्री मशीनच्या विरुद्ध विंगेतून ठेवा. नोझलसमोरची फळी प्रत्येक वेळी कोरड्या फडक्याने पुसायला एक जण नेमा. ग्लिसरीनचा थर दिसत नाही, पण अनवाणी नाचणाऱ्याचा पाय त्यावर हमखास घसरतो.

बटण दाबलं, पंप घुंघुं करतोय, पण धूर नाही? आधी टाकी आणि गाळणी पाहा, नंतर नळी चोंदल्याचा संशय घ्या. पंप कोरडा दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त चालवू नका, तो जळतो. आवाजच नसेल तर मशीन तापलेलं नसेल, रिमोटची पिन सैल असेल किंवा फ्यूज गेला असेल. डोळे चुरचुरले, घशाला तिखट, करपट वास झोंबला तर लगेच बंद करा आणि खिडक्या उघडा. ग्लिसरीन जळलं की ॲक्रोलिन तयार होतं, त्याचा तो वास. तशा मशीनवर तालीम पुढे रेटू नका.

साधारण चाळीस तास वापर झाला की, किंवा मशीन महिनाभर ठेवून देण्याआधी, नळी धुवायची. ८०० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये २०० मिलिलिटर पांढरं व्हिनेगर मिसळा. नळाचं पाणी वापरू नका. घोडबंदर रस्त्यावरच्या कितीतरी सोसायट्यांत टँकरचं पाणी येतं, आणि पाणी जड असलं की त्याचे क्षार त्याच अरुंद नळीत बसतात. टाकीतलं लिक्विड काढून हे मिश्रण भरा, मशीन गरम करा आणि गच्चीवर किंवा मोकळ्या जागी छोटे झटके देत राहा, वाफ मोकळी येईपर्यंत. नंतर थोडं नेहमीचं लिक्विड भरून दोन-चार झटके द्या, म्हणजे व्हिनेगर आत राहत नाही. नोझलवरचा काळा थर काढायचा असेल तर प्लग काढून, मशीन पूर्ण गार झाल्यावर बारीक तारेने काढा.

बंद केल्यावर ब्लॉक अर्धा तास तरी गरम असतो, तोवर पेटीत भरू नका. टेम्पोत किंवा रिक्षात नेताना टाकी रिकामी करा, नाहीतर लिक्विड झाकणातून झिरपून आतल्या वायरिंगवर जातं. पावसाळ्यात कॅनचं झाकण घट्ट लावा, ग्लायकॉल आणि ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेतात. खाडीच्या खाऱ्या हवेत रिमोटच्या पिना हिरव्या पडतात, त्या प्रयोगाआधी पुसून पाहा.