एनव्हीडीएच्या टच विभागात काम सुरू करायचं असेल तर

ओपन सोर्समध्ये काहीतरी करायचंय आणि ते कुणाच्या तरी उपयोगी पडावं, असं म्हणणारी मुलं ऑफिसात अधूनमधून भेटतात. माझं त्यांना ठरलेलं उत्तर आहे: एनव्हीडीएचा टचचा कोड उघडून बघा. पायथॉनमध्ये आहे, मुख्य कारभार टचहँडलर आणि टचट्रॅकर या दोन फाइल्समध्ये चालतो, आणि एका वीकेंडला वाचून होण्यासारखा आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एनव्हीडीए हा विंडोजवर चालणारा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं अंध माणसाला बोलून दाखवणारा प्रोग्राम. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करनने तो २००६ मध्ये सुरू केला. तो स्वतः अंध आहे. टचस्क्रीनचा आधार २०१२.३ या आवृत्तीत आला, विंडोज ८ च्या तोंडावर आणि ‘प्रायोगिक’ असा शिक्का मारून. आयफोनवर ॲपलचं व्हॉइसओव्हर हे स्क्रीन रीडर २००९ पासून होतं, त्यामुळे बोटांच्या सवयी तोवर पक्क्या झाल्या होत्या. बोट काचेवरून फिरवलं की खाली काय आहे ते ऐकू येतं, उजवीकडे फटकारलं की पुढची वस्तू, दोनदा टॅप केलं की ती उघडते. एनव्हीडीएने हेच घेतलं, वर तीन बोटांच्या टॅपने बदलणारे मोड दिले: ऑब्जेक्ट मोडमध्ये वस्तूवरून वस्तूवर जायचं, टेक्स्ट मोडमध्ये अक्षर, शब्द, ओळ. नवीन जेस्चर, म्हणजे बोटांची खूण, सुचवायची खुमखुमी आली तर आधी फोनवर लोकांचे हात काय करतात ते बघा. त्या सवयीच्या विरुद्ध जाणारी कल्पना कितीही हुशार असली तरी वापरात टिकत नाही.

पहिली ठेच बहुतेकांना एकाच जागी लागते. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरून सोर्स ओढला, चालवला, आवाज आला, पण टच ढिम्म. सेटिंग्ज उलटीपालटी करत बसू नका, ते तसंच अपेक्षित आहे. स्क्रीन रीडरला इतर प्रोग्रामकडे जाणारा स्पर्श मधल्या मध्ये अडवून आपल्याकडे घ्यायचा असतो. हा अधिकार विंडोज वाटेल त्याला देत नाही. त्यासाठी ‘यूआय ॲक्सेस’ लागतो, आणि तो मिळतो डिजिटल सही असलेल्या, प्रोग्राम फाइल्ससारख्या सुरक्षित फोल्डरमध्ये बसवलेल्या प्रोग्रामला. म्हणून पोर्टेबल, म्हणजे इन्स्टॉल न करता चालवलेल्या, कॉपीतही टच चालत नाही. नवख्याने सही-प्रमाणपत्रांच्या भानगडीत लगेच पडू नये. नेहमीची कॉपी इन्स्टॉल करा, ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमधून डेव्हलपर स्क्रॅचपॅड (स्वतःचा कोड आजमावायचा फोल्डर) चालू करा आणि त्यात ग्लोबल प्लगइन, म्हणजे सगळ्या प्रोग्राममध्ये चालणारी जोडणी, म्हणून छोटी स्क्रिप्ट टाका. चार बोटांच्या फटकाऱ्यावर घड्याळातली वेळ बोलायला लावणं, एवढंसं काम पुरे. इथवर पोचलात की अर्धा रस्ता कळला.

उरलेला अर्धा रस्ता म्हणजे वेळेचं गणित, आणि मला विचाराल तर सगळी मजा तिथेच आहे. बोट काचेला टेकलं त्या क्षणी ते टॅप आहे, फटकारा आहे की नुसती चाचपणी, हे कुणालाच सांगता येत नाही. दोन बोटंही कधी एकदम टेकत नाहीत. म्हणून टचट्रॅकर पाव सेकंद थांबतो. तेवढ्यात बोट उचललं गेलं तर टॅप किंवा फटकारा. नाही उचललं, तर तुम्ही काच चाचपडताय असं धरून खालचं वाचायला लागतो. हा आकडा दुप्पट केला तर सावकाश हात चालवणाऱ्यांची सोय होते, पण रोज वापरणाऱ्याला प्रत्येक स्पर्शामागे यंत्र पेंगतंय असं वाटतं. कमी केला तर नवशिक्याचा प्रत्येक फटकारा चाचपणीत जमा होतो. कोडमधला हा एक स्थिरांक स्क्रॅचपॅडमधल्या प्लगइनमधून बदलून, स्क्रीनचा ब्राइटनेस शून्यावर नेऊन तासभर मेल वाचून बघा. कुठल्याही डॉक्युमेंटेशनपेक्षा जास्त कळेल.

तरीही डोळस माणसाच्या चाचणीला मर्यादा आहेत. माझ्या ओळखीचे एक बँकेतून निवृत्त झालेले काका टॅबलेटवर एनव्हीडीए वापरतात. एकदा म्हणाले, “अरे, तुझं ते उजवीकडे-डावीकडे निम्म्या वेळा मुकंच राहतं बघ.” माझ्या मशीनवर सगळं ठीक होतं. शेजारी बसलो तेव्हा दिसलं की टॅबलेट ते वहीसारखा डाव्या हातात धरतात आणि अंगठा कडेवरून दोन पेरं आत, काचेवर येतो. एनव्हीडीएला ‘एक बोट टेकलेलं असताना दुसऱ्याने फटकारणं’ हे वेगळं जेस्चर वाटतं, आणि त्याला काहीच काम नेमलेलं नसतं. मग शांतता. मी एनव्हीडीए की (साधारणपणे इन्सर्ट) आणि १ दाबून इनपुट हेल्प लावली, म्हणजे केलेलं जेस्चर कोणतं ते एनव्हीडीए नुसतं बोलून दाखवतो. “काका, आता पुन्हा करा.” प्रत्येक फटकाऱ्याआधी ‘होल्ड’ ऐकू आल्यावर ते स्वतःच म्हणाले, “म्हणजे अंगठा आड येतोय होय!” डोळ्यांनी कड दिसते म्हणून आपला अंगठा आपोआप बाहेर राहतो, हे माझ्या डोक्यातही आलं नसतं.

बाकी रीत नेहमीचीच. आधी गिटहबवर इश्यू (अडचणीची किंवा सूचनेची नोंद) उघडून चर्चा, मग पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल मूळ कोडमध्ये घ्यायची विनंती. एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच बदल, आणि सोबत युजर गाइडमधला मजकूर हवाच, कारण गाइडमध्ये नसलेलं जेस्चर आंधळ्या माणसाला सापडणार कुठून? स्क्रिप्टचं वर्णनही नीट लिहा, इनपुट हेल्पमध्ये तेच बोललं जातं.

“कीबोर्ड असताना कॉम्प्युटरवर टच हवाच कशाला,” असं अनेक अंध वापरकर्तेच विचारतील, आणि लॅपटॉपपुरतं त्यांचं बरोबरही आहे. पण कीबोर्ड काढून ठेवलेला टॅबलेट हातात असला की लिहायचं काचेवरच. तिथे टच टायपिंगचा पर्याय आहे: चालू असेल तर बोट उचलताच अक्षर उमटतं, बंद असेल तर दोनदा टॅप करावं लागतं. मराठी लेआउटवर जोडाक्षरं लिहिताना दोन्हीचा काय अनुभव येतो, हे सविस्तर लिहिलेलं मला अजून कुठे सापडलेलं नाही. कोड न लिहिता सुरुवात करायची असेल तर हेच करा: दोन्ही पर्यायांवर एकच परिच्छेद लिहून बघा आणि जे जाणवेल ते इश्यूत नोंदवा.