अवकल समीकरणे: सोडवण्यापूर्वी वाचावीत

पदवीच्या वर्गात अवकल समीकरणे, म्हणजे एखादी राशी आणि तिच्या बदलाचा दर यांना जोडणारी समीकरणे, शिकताना बहुतेकांचा सगळा जोर प्रकार ओळखण्यावर असतो: चल वेगळे करता येतात का, समीकरण समघाती आहे का, रेखीय आहे का, हे पाहायचे आणि ठरलेली रीत लावून मोकळे व्हायचे. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या सोडवलेल्या प्रश्नपत्रिकांवर परीक्षा अशाने निभावते. पण एकाहून अधिक चलांवर (जसे स्थान आणि काळ) अवलंबून असणाऱ्या राशींच्या, म्हणजे आंशिक अवकल समीकरणांपाशी ही वाट खुंटते, कारण तेथे सूत्ररूपात उत्तर मिळणे हाच अपवाद असतो. म्हणून समीकरण सोडवण्यापूर्वी ते वाचण्याची सवय सुरुवातीपासूनच लावून घ्यावी.

वाचणे म्हणजे उत्तराचा आकार आधी कागदावर काढणे. ‘य’च्या वाढीचा दर य(१ − य) इतका असेल, तर संकलन (इंटिग्रेशन) न करताही पुष्कळ काही कळते. य शून्य किंवा एक असेल तर ते तसेच राहते. या दोहोंच्या मध्ये असेल तर वाढत एककडे जाते, एकच्या वर असेल तर घटत एककडेच येते, आणि वाढीचा वेग य अर्धा असताना सर्वाधिक असतो. नंतर काढलेले सूत्र या चित्राशी जुळले नाही, तर आकडेमोड पुन्हा तपासावी.

उत्तर असते का आणि ते एकच असते का हे सांगणारी, अस्तित्व आणि एकमेवता यांची प्रमेये ‘थिअरीचा भाग’ म्हणून पाठ करून टाकली जातात. माझ्या मते सर्वाधिक वेळ द्यावा तो तेथेच. ‘य’चा अवकलज, म्हणजे बदलाचा दर, ‘य’च्या घनमुळाच्या वर्गाच्या तिप्पट आहे आणि क्ष शून्य असताना य शून्य आहे, एवढेच घ्या. सर्वत्र शून्य राहणारे फलन हे याचे एक उत्तर, ‘क्ष’चा घन हे दुसरे, आणि कितीही वेळ शून्यावर थांबून मग घनासारखे उठणारी उत्तरे तर अनंत. लिप्शिट्झची अट, म्हणजे ‘य’ बदलला की दरातला बदल त्याच्या एका ठरावीक पटीच्या आत राहावा ही अट, शून्यापाशी मोडते म्हणून हे घडते. हेच समीकरण संगणकावर ऑयलरच्या पद्धतीने, म्हणजे त्या-त्या क्षणीचा दर धरून लहान पायऱ्यांनी पुढे जात, शून्यापासून सोडवले, तर यंत्र प्रत्येक पायरीला शून्यच देईल आणि इतर उत्तरांचा सुगावाही लागू देणार नाही.

आंशिक समीकरणांकडे वळण्यापूर्वी बहुचल कलन, आयगेनमूल्ये आणि फूरिए श्रेणी (फलन साइन-कोसाइन लहरींच्या बेरजेने लिहिणे) यांची उजळणी करावी. मग उष्णता, तरंग आणि लाप्लास ही तीनच समीकरणे पुरेशा सावकाशीने अभ्यासावीत. दोन्ही टोके शून्य तापमानावर धरलेल्या सळईचे उदाहरण संपूर्ण स्वतः सोडवावे. त्यात न-वा घटक ‘न’च्या वर्गाच्या प्रमाणात वेगाने विरतो आणि सळई दुप्पट लांब केली तर निवण्याचा काळ चौपट होतो, हे श्रेणीकडे पाहूनच सांगता आले पाहिजे. तापमानाचे बारीक चढउतार आधी पुसले जातात. त्यामुळे आजच्या तापमानावरून कालचे काढू पाहिल्यास मोजणीतली सूक्ष्म चूकही प्रचंड फुगते. समीकरण तेच असूनही कोणती अट कोठे घातली यावर प्रश्नाचा सुटण्याजोगेपणा ठरतो, म्हणून वहीत समीकरणाशेजारी प्रारंभिक आणि सीमा अटी लिहिल्याशिवाय पुढची ओळ लिहू नये.

पुणे विद्यापीठातील जयकर ग्रंथालयात बसता आले, तर सिद्धतांवर भर देणारे एक आणि भौतिकीतून विषय मांडणारे एक अशी दोन पुस्तके शेजारी ठेवून तेच प्रकरण वाचावे.

पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत मान्सूनच्या अंदाजासाठी वातावरणाची समीकरणे संगणकावर जाळी मांडून सोडवली जातात. त्याची लहानशी चव पायथनमध्ये उष्णता समीकरण सोडवून घेता येते. साध्या ‘स्पष्ट’ (एक्स्प्लिसिट) पद्धतीत, म्हणजे पुढच्या क्षणाचे तापमान थेट आताच्या तापमानांवरून काढताना, काळाची पायरी गुणिले उष्णता-विसरण गुणांक, भागिले जाळीतील अंतराचा वर्ग, ही किंमत अर्ध्याच्या वर जाऊ देता येत नाही. अंतर निम्मे केले की पायरी चौथ्या हिश्शावर आणावी लागते. एकदा ही मर्यादा मुद्दाम ओलांडावी आणि उत्तर किती पायऱ्यांत उसळते ते आलेखावर पाहावे.