फाईलमधली भाषा आणि खाटेवरची भाषा : नर्सिंगसाठी वैद्यकीय शब्द कसे शिकावेत

नागपुरात 'मेडिकल' या शब्दाचे दोन अर्थ रोज चालतात. 'मेडिकलला भरती केले' म्हटले की १९४७ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय समजायचे, आणि 'मेडिकलमधून आणा' म्हटले की औषधांचे दुकान. गोंदिया किंवा गडचिरोलीहून प्रथमच आलेला नातेवाईक मात्र या दोहोंच्या मध्ये घुटमळतो. एएनएम किंवा जीएनएम या नर्सिंग अभ्यासक्रमांच्या पहिल्या वर्षात वॉर्डात पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याची स्थिती काहीशी अशीच असते. शब्द कानावर पडतो, ओळखीचाही वाटतो, पण या जागी त्याचा अर्थ कोणता हे त्याला ठरवता येत नाही. म्हणून शब्दांच्या लांबलचक याद्या पाठ करण्याआधी शब्द बनतात कसे आणि फसवतात कुठे, हे समजून घ्यावे.

सुरुवात शब्द फोडण्यापासून करावी. बहुतेक वैद्यकीय शब्द ग्रीक आणि लॅटिन तुकड्यांचे बनलेले असतात, आणि त्यांची बांधणी आपल्याला परकी नाही, कारण उपसर्ग आणि प्रत्यय आपण शाळेच्या व्याकरणात शिकलेलो असतो. ज्याला 'यकृतदाह' कळतो त्याला 'हिपॅटायटिस' कळायला वेळ लागत नाही, कारण 'हिपॅट' म्हणजे यकृत आणि 'आयटिस' म्हणजे दाह. हाच प्रत्यय पुढे नेफ्रायटिसमध्ये मूत्रपिंडाला, आर्थ्रायटिसमध्ये सांध्याला आणि गॅस्ट्रायटिसमध्ये जठराला लागतो. मूत्रपिंडासाठी ग्रीकमधून 'नेफ्र' आला आणि लॅटिनमधून 'रीनल', शिवाय रोजच्या बोलण्यात 'किडनी' आहेच; त्यामुळे मूत्रपिंडाचे काम पाहणाऱ्या एकाच तपासणीला कोणी आरएफटी (रीनल फंक्शन टेस्ट) म्हणतो तर कोणी केएफटी (किडनी फंक्शन टेस्ट). पाणी, जल आणि नीर हे तिन्ही शब्द सहज वापरणाऱ्या माणसाने याचा बाऊ करू नये.

खरी काळजी घ्यायची ती एकमेकांसारख्या दिसणाऱ्या शेपटांची. नेफ्रेक्टॉमीत मूत्रपिंड काढून टाकतात, तर नेफ्रॉस्टॉमीत ते जागेवरच राहते आणि लघवी बाहेर येण्यासाठी त्यात नळी घालतात. पहिल्या रुग्णाची जखम सांभाळायची असते, दुसऱ्याच्या नळीतून किती लघवी आली हेही मोजायचे असते. 'डिसफेजिया' म्हणजे गिळायला त्रास आणि 'डिसफेझिया' म्हणजे भाषा बोलण्यात किंवा समजण्यात अडथळा. पक्षाघाताच्या रुग्णात हे दोन्ही एकदम असू शकतात, म्हणून ऐकणाऱ्याने 'ज' की 'झ' हे विचारून घेतलेच पाहिजे, कारण गिळता न येणाऱ्या रुग्णाला पाणी पाजले तर ते श्वासनलिकेत जाऊ शकते. 'हायपो' म्हणजे कमी आणि 'हायपर' म्हणजे जास्त, ही जोडी तर फोनवर हमखास फसवते. यावर उपाय सोपा आहे: ओव्हर देताना, म्हणजे पाळी संपताना पुढच्या सिस्टरकडे रुग्ण सोपवताना, नुसते 'हायपोग्लायसेमिया' न म्हणता 'साखर कमी, ५४' असे आकड्यासह सांगावे. तसेच 'टॅकीकार्डिया' लिहिताना नाडीचा आकडा शेजारी असावा. प्रौढ माणसात विश्रांतीच्या वेळी मिनिटाला ६० ते १०० ठोके हे साधारण प्रमाण धरतात. त्याच्या वर गेले की 'टॅकी' आणि खाली आले की 'ब्रॅडी'.

शब्दांची वही वर्णानुक्रमाने लावू नये, कारण रुग्ण वर्णानुक्रमाने भरती होत नाहीत. ज्या वॉर्डात ड्युटी असेल त्याच अवयवसंस्थेचे शब्द घ्यावेत. रोज चार तुकडे, आठवड्यातून सहा दिवस, या गतीने महिन्याला शंभराच्या जवळपास तुकडे होतात, आणि जोड्या जमवून त्यांतून शेकडो शब्द उलगडतात. डाव्या पानावर शब्द फोडून लिहावा आणि उजव्या पानावर रुग्ण त्याच त्रासाला काय म्हणतो ते लिहावे. उजवे पान बहुतेकांचे कोरे राहते, आणि माझ्या मते तेच पान अधिक मोलाचे असते.

संक्षेपांचा अभ्यास वेगळ्या वृत्तीने करावा लागतो. शब्द फोडून कळतो, संक्षेप मात्र माहीत असावाच लागतो. औषधांच्या वेळांचे संक्षेप थोडे आहेत आणि ते आठवडाभरात बसतात: ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, क्यूआयडी चारदा, एचएस झोपताना, एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर, आणि स्टॅट म्हणजे आत्ता लगेच. 'एसओएस' पाहून नातेवाईक घाबरतात, कारण त्यांना बुडत्या जहाजाची हाक आठवते. चिठ्ठीवर मात्र त्याचा अर्थ 'गरज पडल्यास' एवढाच असतो. दिवसातून चारदा आणि दर सहा तासांनी या दोन सूचना एक नाहीत, हेही पक्के करावे. पहिलीत रुग्णाच्या जागेपणी चार वेळा विभागता येतात, दुसरीत रात्री दोन वाजता उठवूनही औषध द्यावे लागते.

याच 'ओडी'चा अर्थ नेत्रविभागात उजवा डोळा असाही होतो आणि अपघात विभागात औषधाचा अतिरेक असाही. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच असल्याने 'एएस' दिसले की आपल्याकडची सिस्टर आपसूक सिकलसेलचा वाहक असे वाचते, पण हृदयविकाराच्या फाईलमध्ये तीच दोन अक्षरे महाधमनीची झडप अरुंद झाल्याचे सांगत असतात. प्रसूतिपूर्व तपासणीची 'एएनसी' रक्ताच्या अहवालात आली की ती एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची संख्या असते. म्हणून स्वतःसाठी एक नियम करावा: जो संक्षेप पूर्ण शब्दांत म्हणून दाखवता येत नाही, त्यावर हात चालवायचा नाही. इन्चार्ज सिस्टरला किंवा डॉक्टरांना विचारण्यात कमीपणा नाही. अंदाजाने औषध देण्यात मात्र धोका आहे.

काही संक्षेप इतके घातक ठरले की ते लिहूच नयेत असे ठरले. अमेरिकेतील जॉइंट कमिशन या मानांकन संस्थेने २००४ मध्ये अशी यादी काढली, आणि तिच्यातली कारणे आपल्या वॉर्डातही तंतोतंत लागू पडतात. युनिटसाठी लिहिलेल्या इंग्रजी 'यू'चे तोंड घाईत मिटले की ते शून्य दिसते आणि १० युनिट इन्सुलिनचे १०० होतात. १.० मधला बिंदू पुसट झाला तर मात्रा दहापट वाढते, म्हणून नुसते १ लिहावे, उलट ०.५ लिहिताना आधीचे शून्य गाळू नये, नाही तर बिंदू हरवला की ५ उरतात. आपल्याकडे इन्सुलिन दर मिलिलिटरला ४० आणि १०० युनिट अशा दोन तीव्रतांत मिळते आणि त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात, ४० ची लाल टोपीची आणि १०० ची केशरी टोपीची, त्यामुळे इथे 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहून बाटली व सिरिंज जुळवून पाहणे अपरिहार्य आहे. डॉक्टरांनी औषधांची जेनेरिक नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असे भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये नियमात घातले. तरीही अक्षर लागले नाही तर विचारण्याची जबाबदारी आपल्यावर येतेच. फोनवरची सूचना लिहून घ्यावी आणि लिहिलेले परत वाचून दाखवावे.

आता उजव्या पानाकडे. 'रक्त पडलं' या दोन शब्दांच्या मागे चार वेगळ्या संज्ञा असू शकतात: खोकल्यातून आले तर हिमॉप्टिसिस, उलटीतून आले तर हिमॅटेमेसिस, नाकातून आले तर एपिस्टॅक्सिस, आणि शौच डांबरासारखे काळे झाले असेल तर मेलिना. म्हणून संज्ञा लिहिण्याआधी कुठून, कधी आणि साधारण किती हे विचारावे. 'जीव घाबरून राहिला' या वऱ्हाडी तक्रारीत धडधड, धाप, चक्कर आणि मळमळ यांपैकी काहीही असू शकते. तिथे परस्पर 'पॅल्पिटेशन' न लिहिता रुग्णाचे शब्द अवतरणचिन्हांत जसेच्या तसे नोंदवावेत. मे महिन्यात 'हीट स्ट्रोक' ऐकून लकव्याच्या भीतीने नातेवाईक हादरतात, तेव्हा 'उष्माघात' हा आपला शब्द वापरावा.

उलट दिशेचा अनुवाद तितकाच जपून करावा लागतो, आणि त्यात सर्वांत अधिक घोटाळा 'एनबीएम'चा होतो. तोंडाने काहीही नाही असा त्याचा अर्थ आहे, पण 'रुग्णाला उपाशी ठेवा' एवढेच सांगितले तर आपल्याकडे उपास आणि उपाशी यांतले अंतर फार थोडे असल्याने चहा, फळ किंवा साबुदाण्याची खिचडी चालेल असे एखाद्या आजीला प्रामाणिकपणे वाटू शकते. तेव्हा 'रात्री १२ नंतर जेवण नाही, चहा नाही, पाणीही नाही. रोजची गोळी द्यायची की नाही ते मी डॉक्टरांना विचारून सांगते' असे सुटे सुटे सांगावे, ऐकणाऱ्याकडून ते परत म्हणवून घ्यावे, आणि रुग्णाने शेवटचा घोट किती वाजता घेतला ती वेळ फाईलमध्ये लिहावी.